जिरीची खोली धुऊ नये

मी, मुरलीधर शालिग्राम बोंडे, वय ७८, संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, राहणार रांझी, जबलपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुढे यात उंदरासारख्या एका प्राण्याचा उल्लेख येतो आणि माझा मुलगा शैलेंद्र तेवढ्यावरून मला वेडा ठरवायला कमी करणार नाही, म्हणून दाखला.

१. रांझीचे घर स्वकष्टार्जित आहे. १९५६ला राज्ये नव्याने आखली गेली, आमचे सगळे गोत अकोल्याकडे राहिले आणि वडील इथल्या नोकरीला चिकटले. मीही चिकटलो. हे घर शैलेंद्रला मिळावे, कारण माझी दिवंगत पत्नी सत्यवती हिची तशी इच्छा होती. माझी नव्हती. मागची खोली, जिथे या प्राण्याचा म्हणजे जिरीचा पिंजरा आहे, ती मात्र शेजारीण नंदा काळे हिच्या ताब्यात तिच्या हयातीपर्यंत राहील. जिरी मेली की खोली सुटेल, असे कोणी समजू नये. मी स्वयंपाकघरात चहा गाळत असताना शैलेंद्रने ज्या बिल्डरला घर फिरवून दाखवले, त्यालाही हे कलम वाचून दाखवावे.

२. माझ्या कानशी, पाने आणि मायक्रोमीटर नंदाला. पिंजऱ्याची कडी वरचेवर निसटते. शैलेंद्रला पाना कोणत्या हाताने धरतात ते माहीत नाही आणि त्याला आता शिकवायची माझी इच्छा नाही.

३. जिरी कोण, ते लिहितो. नात विनीता शिकायला गेली तेव्हा जर्बिल जातीच्या दोन बहिणी, मातीच्या रंगाच्या, शेपटीला झुपका असलेल्या, आमच्याकडे ठेवून गेली. परत कधी विचारले नाही, म्हणून विनीताला काही नाही. सत्यवतीने त्यांची नावे जिरी आणि मोहरी ठेवली. पुढच्या वर्षी सत्यवती गेली. यंदा चैत्रात मोहरी गेली.

त्या दिवशी शैलेंद्र आणि सूनबाई हेमलता इथेच होते. घरात मेलेले काही राहिले की धुऊन काढायचे, ही आपली रीत. हेमलताने पिंजरा उकळत्या पाण्याने आणि फिनाईलने धुतला, भुसा सगळा नवा घातला. जिरी तीन दिवस चारही कोपरे उकरत राहिली. खाल्ले नाही. बहीण मेली हे तिला कळले असते, पण बहीण कधी नव्हतीच असे घर तिच्यासमोर ठेवले होते. मग शैलेंद्रने सदर बाजारातून दुसरी आणली. “पापा, नया साथी मिल गया, अब मन लग जाएगा,” म्हणाला आणि सरळ आत सोडली. मधे जाळी लावून, रोज बाजू बदलून, पंधरवडाभर ओळख करून द्यावी लागते, हे दुकानदाराने सांगितले होते. ऐकतो कोण. सकाळी नवी मेलेली होती आणि जिरीचा कान फाटला होता. शैलेंद्र म्हणाला, “बहुत खराब जानवर है.”

नंदा डबा द्यायला आली, तर तिने बाहेरच्या कचऱ्याच्या बादलीत अजून पडून असलेला जुना भुसा मूठभर उचलला. “काका, सगळंच काहून फेकून राहिले जी? तिले वास तर राहू द्या.” तो पिंजऱ्यात टाकला. जिरी त्यात शिरून झोपली, आणि उठल्यावर तिने सूर्यफुलाचे बी खाल्ले.

४. जिरीला नंदाने सांभाळावे. तिला पाण्याने आंघोळ नको. नर्मदेची वाळू चाळून, कढईत भाजून, गार करून वाटीत द्यावी. ती त्यात लोळते. भुसा कधीही सगळा बदलू नये, एक मूठ जुना ठेवावा. नवी सोबत आणू नये. संध्याकाळी तासभर कोणीतरी पिंजऱ्यात हात ठेवून बसावे. मी बसतो.

५. आता जे कोणाला सांगितले नाही ते. सत्यवती निजायची ती ही मागची खोली तिच्या तेराव्याला हेमलताने अशीच धुतली. लुगडी वाटली, गादी दिली, उशीसुद्धा. मी दोन वर्षे हेमलताला मनातल्या मनात शिव्या देत आलो. पण त्या दिवशी फिनाईलची बादली मीच भरून दिली होती. रीत आहे म्हणून. त्यानंतर रोज त्या खोलीत जाऊन बसलो, तिथे फिनाईलशिवाय कशाचाही वास आला नाही.

तेव्हा माझ्या तेराव्याला बाकीचे घर खुशाल धुवा. जिरी जिवंत असेतोवर मागच्या खोलीत पाण्याचा थेंब पडू नये. माझा अंगातला शेवटचा बनियन न धुता तिच्या पिंजऱ्यात ठेवावा. या घरात मला शोधणारी तेवढी एकच उरणार आहे. तिला रिकामे कोपरे उकरायला लावू नका.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

सही: मुरलीधर शालिग्राम बोंडे

साक्षीदार:
१. नीलकंठ बाबाराव देशकर, निवृत्त टर्नर, रांझी
२. पुष्पा रामकृष्ण वानखडे, निवृत्त शिक्षिका, रांझी

स्थळ: जबलपूर
दिनांक: १४ ऑगस्ट २०१९