सोमवारची खेप

सोमवार, ३ जुलै १९४४

आजपासून सोमवार धरले. धाकटी बहीण पुष्पी बाळंत होऊन सुखरूप सुटेपर्यंत दर सोमवारी उपास. महादेवाला तसं बोलून बसले, आता मागे फिरता येत नाही. गेल्या खेपेला तिचं मूल गेलं आणि तीही जाता जाता राहिली. या वेळी तिला शेवगावला सासरी ठेवायची नाही. इकडे भिंगारला, माझ्या डोळ्यांसमोर. आई गेली तेव्हा ही एवढीशी होती, माझ्या कडेवरच वाढली. तिचा नवरा मच्छिंद्र भला माणूस, पण मिलिटरीच्या ट्रकवर — कुठे असतो त्याचं त्याला माहीत. आणि आमचे हे नोकरीला देवळालीला. म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात. मला ते तसंच आवडतं, खोटं कशाला लिहू!

शेडमध्ये सांगून टाकलं, सोमवारी उपासाला तपासणीचा बटाटा मी खाणार, दुसरं काही नाही. सगळ्या हसल्या. हसेनात का. प्रसूतिगृहाच्या मेट्रनबाईंनीच तर ही युक्ती शिकवली. आमच्या घड्या — जाळीच्या कापडात कापूस भरून शिवलेल्या, बाळंतिणींसाठी, एकदा वापरल्या की जाळायच्या — पिंपात गच्च भरून वाफेवर लावतात. भरताना अगदी पोटात एक कच्चा बटाटा. इब्राहिम भट्टी सांभाळतो. वाफ पुरी झाली की रंगूबाई पिंप उपसते आणि बटाटा ताटलीत घालून माझ्या टेबलावर आणते. मी सुरी घालून बघते. मऊ असला तर वाफ आतपर्यंत पोचली, घड्या शुद्ध. कडक असला तर सगळं पिंप परत चढवायचं. पूर्वी यासाठी विलायतेच्या काचनळ्या यायच्या, लढाईनं बंद झाल्या. माझं काही अडलं नाही. माणूस खोटं बोलेल, बटाटा बोलत नाही.

आजचा छान शिजला होता. मीठ लावून खाल्ला.

शुक्रवार, ७ जुलै

दिवसभर डोळे फोडले. एका घडीत सरकीचे तुकडे, एकीत लांब केस, एकीत सुईचं मोडकं टोक! ती घडी तशीच पुढे गेली असती तर? सगळ्या बायांना उभं करून झाडलं. बांगड्या काढून कामाला बसा म्हटलं तर एकसुद्धा तयार होईना. "नवरा जित्ता हाय आमचा," म्हणे. मग मनगटाला फडकं बांधायचं ठरलं. त्यावरही तोंडं वाकडी.

रंगूबाई तेवढी बिनतक्रार. पिकले केस, पुढचे दोन दात नाहीत, पण हात चालू. दुपारच्या सुट्टीत भट्टीच्या राखेत कांदे भाजून सगळ्यांना वाटत होती. मलाही आणून दिला. मी नको म्हटलं की रुसते.

सोमवार, १० जुलै

बटाटा कच्चा निघाला. मध्ये सुरी शिरेना. सगळं पिंप परत चढवलं, आप्पासाहेब कपाळाला आठ्या घालून बघत होते. शेड त्यांची, माल त्यांचा, पण तपासणी माझी. मी काही ऐकणार नाही.

उपास मात्र कडकडीत घडला. दुसऱ्या खेपेच्या आधीच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी टेबलावरच कलंडले. शुद्धीवर आले तर रंगूबाई माझं डोकं मांडीवर घेऊन रडत होती. "बहिनीसाठी जीव देता का बाई?" तिची थोरली लेक बाळंतपणात गेली, ते आज कळलं. इतकी वर्षं बरोबर काम करते आणि मी कधी विचारलं नव्हतं.

बुधवार, १२ जुलै

आजही कच्चा. परत चढवलं.

इब्राहिमला विचारलं. तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "लाकडं वली हायती बाई. वाफ धरत न्हाई. आन पिंप बी लई ठासून भरत्यात." ठासून भरायचा हुकूम आप्पासाहेबांचा. मागणी वाढली आहे ना. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "इब्राहिमला झोप कमी घ्यायला सांगा." अशा माणसाशी काय बोलणार?

सोमवार, १७ जुलै

शिजला! आणि काय चव होती! वरची साल जरा करपल्यासारखी, आत पिठूळ, खमंग. रंगूबाईनं जिऱ्याची चिमूट टाकून दिला. तिच्यासमोर बसून खाल्ला, तेव्हा कुठे ती हलली.

महादेव पाठीशी आहे.

गुरुवार, २० जुलै

मंगळवारी कच्चा. काल कच्चा. आजही कच्चा. बाया वैतागल्या आहेत, एकच काम दोन-दोनदा. त्यांचं तरी काय चुकतं?

संध्याकाळी पुष्पी आली. मोटारीत बसून पाय सुजलेत, तोंडावर तेज आहे पण. आल्या आल्या म्हणाली, "आक्का, तू वाळलीस." म्हटलं, तू फुगलीस, दोघींची बरोबरी झाली. हसून हसून पोट धरून बसली.

सोमवार, २४ जुलै

आजही शिजला. श्रावणातला पहिला सोमवार. इतर दिवशी रडवतो आणि सोमवारी लोण्यासारखा! मी इब्राहिमला म्हटलं, तू सोमवारी काही वेगळं करतोस का? त्यानं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "मी काय करनार? तीच लाकडं, तीच भट्टी." मग हळूच म्हणाला, "मलाबी इचित्र वाटतं बाई." त्याचा चेहरा बघून मला क्षणभर कसंसंच झालं. नंतर म्हटलं, त्याला काय ठाऊक माझा नवस.

पुष्पीसाठी घड्यांची पाकिटं बाजूला काढली. आप्पासाहेबांना विचारून, रीतसर. कुठल्या खेपेतली घ्यायची याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. आजची. सोमवारची खेप परत चढवावी लागत नाही — ती एक दहा तारखेची सोडली तर.

शनिवार, २९ जुलै

पुष्पीशी भांडण. आईचं जुनं लुगडं फाडून, धुऊन, उन्हात घालून तिनं बाळंतपणाच्या घड्या करून ठेवल्या होत्या. "आईचं आहे, मऊ आहे," म्हणते. मी तिला स्पष्ट सांगितलं, चिंध्या वापरायच्या तर माझ्या घरात नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या बाळंतिणींसाठी घड्या तपासते आणि माझी बहीण चिंध्यांवर निजणार? तिनं घड्या गोळा करून माझ्यापुढे ठेवल्या. मग म्हणाली, "बरं, तू म्हणशील तसं." लहानपणापासून तिचं हेच.

लुगडं मी पेटीत तळाशी ठेवलं. टाकवलं नाही.

मंगळवार, १ ऑगस्ट

मेट्रनबाई स्वतः शेडमध्ये आल्या. तोंड पांढरं पडलेलं. त्यांच्याकडे काही बाळंतिणींना थंडी वाजून ताप भरतोय. एक काल गेली. तिचं मूल वाचलं आहे. "कदाचित घड्यांचं नसेल," म्हणाल्या, "पण तपासलं पाहिजे."

 मी माझ्या कामाला चिकटून राहिले. म्हटलं, बाई, कच्च्या बटाट्याची एक खेप माझ्या हातून बाहेर गेलेली नाही. परत चढवलेल्या खेपांवर शंका असेल तर त्या मागे पाठवा, दुसऱ्या वाफेला भट्टी मंदावते. सोमवारच्या मात्र राहू द्या. त्यांची मी खात्री देते.

त्यांनी माझं ऐकलं. परतीच्या खेपा सगळ्या जाळायला निघाल्या. सोमवारच्या तेवढ्या कपाटात राहिल्या.

गुरुवार, ३ ऑगस्ट

इब्राहिमला काढलं. आप्पासाहेबांना कुणीतरी एक लागणारच होता. सगळ्यांसमोर म्हणाले, "भट्टीवर झोपा काढतो आणि बाया मरतात." मी लाकडं ओली होती असं म्हटलं, पण माझाच आवाज मला ऐकू आला नाही इतका बारीक.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबला. रागावला नव्हता. म्हणाला, "बाई, एक सांगू? सोमवारी बी वाफ तेवढीच हुती. जास्तीची मी कुठनं आनू?"

त्याची बायको मुबारकबी आमच्या गल्लीतली सुईण. पुष्पीचं बाळंतपण तीच करणार होती. आता कोणत्या तोंडानं बोलावू?

शुक्रवार, ४ ऑगस्ट

मुबारकबी आपणहूनच आली. पुष्पीचं पोट चाचपलं, चहा घेतला. मी इब्राहिमचा विषय काढला तर म्हणाली, "त्यो वेगळा हिशेब हाय. पोरीचं पोट वेगळं." जाताना दारात थांबून म्हणाली, "खालती आलंय. लई दिस न्हाईत."

सोमवार, ७ ऑगस्ट

भट्टीवर नवा माणूस, बन्सी. धूर जास्त, जाळ कमी. तरी बटाटा शिजला! इब्राहिमचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, आज गेलं. हे वाफेचं काम नाहीच. रंगूबाईला तसं म्हटलं तर तिनं पदर तोंडाला लावला, हसली. "खावा गपगुमान," म्हणाली.

प्रसूतिगृहात आणखी एक आजारी आहे म्हणतात. परतीच्या खेपा तर जाळल्या. मग आता काय?

बुधवार, ९ ऑगस्ट

झोप नीट नाही. पुष्पीच्या पायांना तेल लावताना ती म्हणाली, "आक्का, मी गेले तर बाळ तूच घे." तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

शनिवार, १२ ऑगस्ट

मुलगी! पहाटे सुरू झालं, दुपारी मोकळी झाली. मुबारकबीनं बाळाला उलटं धरून थोपटलं तेव्हा असं कडाडून रडली की गल्लीतल्या बाया दारात गोळा झाल्या. पुष्पी थकली आहे पण बोलते आहे. पहिलं विचारलं काय, तर "आक्का, तू जेवलीस का?"

घड्या मीच एकेक काढून दिल्या. पांढऱ्याशुभ्र, कोऱ्या वासाच्या. मुबारकबीसुद्धा म्हणाली, "राणीसारखी बडदास्त हाय पोरीची." मला इतकं बरं वाटलं. एवढ्या घड्या आयुष्यात तपासल्या, त्या सगळ्यांचं आज चीज झालं.

सोमवारी शेवटचा उपास. महादेवाला नारळ फोडला की नवस फिटला.

रविवार, १३ ऑगस्ट

रात्रीपासून पुष्पीचं अंग जरा तापलंय. दूध उतरताना येतो ताप, मुबारकबी म्हणाली. कपाळावर ओली पट्टी ठेवली आहे. बाळ चांगलं पितंय.

उद्या शेडमध्ये तोंड दाखवून लगेच परत यायचं. मुबारकबी बसेल तोवर.

सोमवार, १४ ऑगस्ट

पोचले तेव्हा पिंप भट्टीवरच होतं, झाकण घट्ट. वाफ धरायची होती अजून. रंगूबाई लगबगीनं आली आणि पदराखालून ताटली काढली. बटाटा. गरम. सालीला राख.

"आज घरी जायाची घाई हाय ना, म्हनून आदीच भाजला. पिंपातला तर कच्चाच निघतोय. तुमी उपाशी ऱ्हाता ते मला बघवत न्हाई बाई. म्हनून दर सोमवारी ह्योच ठेवते ताटलीत."

ताटली तिच्या हातातच राहिली. मी घरापर्यंत पळत आले. पुष्पीच्या अंगावर दोन घोंगड्या होत्या आणि त्यांच्याखाली ती थडथडा उडत होती. मी घड्यांची उरलेली पाकिटं मागितली.

मुबारकबी म्हणाली, "सरली की. शेवटचं आत्ताच फोडलं."