मे महिन्यापर्यंत बाबा जिवंत

डाकोटा, ३ जानेवारी १८८६

प्रिय टोरबोर्गताई,
स. न. वि. वि.

मन घट्ट करून वाच आणि वाचून झालं की हे पत्र चुलीत टाक. नाताळनंतर तिसऱ्या दिवशी बाबा गेले. छातीत कफ भरला होता. आठ दिवस अंथरुणावर होते, पण मला वाटलं, दर हिवाळ्यासारखे उठतील. आई गेली तेव्हा बाबा तरी होते. आता घरात मोठी मीच, म्हणून रडले नाही. धाकटी आस्लाउग दोघींच्या वाटचं रडली.

जमीन इतकी गोठलीय की कुदळ उलटी उडते. म्हणून त्यांना घोंगडीत गुंडाळून मागच्या पडवीत ठेवलंय. आणि ताई, कुणालाही सांगितलेलं नाही. मेमध्ये ही सरकारी जमीन कसत आपली पाच वर्षं पुरी होतात, मग कायद्याने एकशेसाठ एकर आपले. तोवर बाबा जिवंतच हवेत. सतरा वर्षांच्या पोरीच्या नावावर सरकार जमीन करत नाही, असं इथे सगळेच म्हणतात. आई याच मातीत पुरलीय. ती कुणा उपऱ्याच्या नांगराखाली जाऊ देऊ?

शेजारचे हाल्वोरकाका आले होते. बाबा रेल्वेच्या कामावर गेलेत, असं दारातूनच सांगितलं. आस्लाउगने तर ते कुठल्या गाडीने गेले तेही ठोकून दिलं. नऊ वर्षांची आहे, पण थापा मारण्यात आपल्या दोघींना विकून खाईल.

तू ज्यांच्या घरी कामाला आहेस, ते मालक वकील आहेत. नाव न घेता त्यांना विचारशील? हे पत्र हाल्वोरकाकाच पोस्टात टाकणार आहेत, म्हणून दोनदा चिकटवलंय.

लोभ आहेच, थंडीने तो आटू देऊ नकोस.
तुझी,
गुनहिल्ड

मिनियापोलिस, १९ जानेवारी १८८६

चि. गुनहिल्ड हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि ताटं पुसता पुसता खाली बसले. मालकीणबाईंना वाटलं, मला भोवळ आली. मला बाबांचा आवाज आठवेना, याचंच रडू येत होतं. मग मालकांना सगळं खरं सांगितलं, नावासकट. रागावू नकोस.

त्यांनी कायद्याचं पुस्तक काढून मला वाचून दाखवलं. आईवडील दोघंही गेले तर जमीन एकवीस वर्षांच्या आतल्या मुलांची होते. सरळ होते, कुणी काढून घेऊ शकत नाही. म्हणजे तुझी आणि आस्लाउगची. मी तेवीस वर्षांची घोडी, माझं नाव त्यात नाही. तुम्ही दोघी जमीनदारीण व्हा, मी तुमच्याकडे भांडी घासायला येईन.

तेव्हा हे पत्र मिळताच हाल्वोरकाकांकडे जा, सगळं सांग. बाबांना मातीत जाऊ दे. आणि आस्लाउगला सांग, आता थापा पुरे.

दोघींना कवेत घेऊन,
टोरबोर्ग

डाकोटा, २४ फेब्रुवारी १८८६

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

तीन आठवडे रेल्वेचे रूळ बर्फाखाली होते. तुझं पत्र अठरा तारखेला पोचलं.

आस्लाउगचा घसा तीस जानेवारीला धरला. दुसऱ्या दिवशी आत पांढरा पापुद्रा दिसला. हाल्वोरकाकूंनी आपली तीन मुलं याच दुखण्यातून काढलीत, हे मला माहीत होतं. त्यांचं घर दीड मैलावर. मी शाल घेतली तर आस्लाउगनेच तिचं टोक धरलं. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "त्या आल्या तर बाबा दिसतील." मी शाल परत खुंटीला लावली. ती लहान होती ताई, मी नव्हते.

दोन तारखेला आमचा धूर कमी दिसला म्हणून हाल्वोरकाका स्वतःच आले. मी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि सगळं ठीक आहे म्हणाले. त्यांनी काकूंनी दिलेलं लोणी माझ्या हातात दिलं आणि ते गेले. चार तारखेला सकाळी आस्लाउग गेली. तिलाही मी पडवीत नेलं आणि गप्प राहिले. इतकं झाल्यावर तरी जमीन राहू दे, असं वाटलं.

तुझं पत्र हाल्वोरकाकाच घेऊन आले. मी उभ्या उभ्याच वाचलं आणि त्यांना पडवीत नेलं. त्यांनी टोपी काढली. मग एवढंच विचारलं, "मी आलो त्या दिवशी ती जिवंत होती?"

मी हो म्हटलं. दोन दिवस जमिनीवर गवत जाळून ती मऊ केली आणि आईशेजारी दोन्ही खड्डे त्यांनीच खणले. काकू मला घरी न्यायला आल्या होत्या. मी गेले नाही.

मेमध्ये आपण पाच वर्षं इथे राहिलो याची साक्ष द्यायला हाल्वोरकाका येणार आहेत. वारसांत आता माझं एकटीचंच नाव लागेल. ही जमीन मला नको, असं म्हणायचीही सोय नाही ताई. माझी माणसं सगळी तिच्यातच आहेत.

लोभ ठेवशील का, हे या वेळी विचारतेय.
गुनहिल्ड