अर्पूच्या औषधाची जबाबदारी माझ्याकडे

सोमवार, २ जून २०२५. सकाळी.

दैवशाला पहिल्या बसने छत्रपती संभाजीनगरला गेली. शिक्षकांचं निवासी ट्रेनिंग. शनिवारी सकाळी परत.

जाताना तिचा पाय निघत नव्हता. कारण आमच्या लेकीचा, अर्पूचा कान. काल रविवार असूनही डॉक्टरांनी बघितलं. आतून लाल झालाय, इन्फेक्शन आहे. पाच दिवस अँटिबायोटिक, सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा, एकही डोस चुकवायचा नाही. शनिवारी परत दाखवायचं. औषध पोटात गेलं नाही तर कानाच्या पडद्याला भोक पडू शकतं, म्हणाले. मग ॲडमिट करून सुया.

दैवशाला म्हणाली, मी ट्रेनिंगला जातच न्हाई. मी म्हणालो, बिलकुल जायचं. ती म्हणाली, अडीच वर्षांचं लेकरू हाय, औषधाला लई तरास देतंय, तुमच्यानं व्हायचं न्हाई. मी हसलो. आठ वर्षं बियाणे कंपनीत सेल्सला आहे मी. मागच्या हंगामात आमच्या मक्याला शिव्या घातलेल्या माणसाला या हंगामात तोच मका विकून येतो. एका चमच्याचं काय घेऊन बसलात?

मग तिचं म्हणणं पडलं की निदान सरदारबींना तरी सांगून ठेवू. सरदारबी म्हणजे आमच्या शेजारच्या. आम्ही दोघं कामावर गेलो की अर्पू दिवसभर त्यांच्याकडे, त्यांच्या नातीसोबत, अलमाससोबत खेळत असते. मी स्पष्ट सांगितलं, सांभाळणं त्यांचं, औषध माझं. दोघांच्या हातांत काम गेलं की गोंधळ होतो.

ती गेल्यावर बाटलीतल्या पावडरीत उकळून गार केलेलं पाणी रेषेपर्यंत घातलं, हलवलं. छान गुलाबी औषध तयार झालं. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. कोणीही हात लावायचा नाही.

संकल्प: ओरडायचं नाही. नाक दाबायचं नाही. पाय धरून उताणं पाडायचं नाही. फक्त कन्व्हिन्स करायचं.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

सकाळचा डोस: एखादा थेंब आत, बाकी माझ्या शर्टवर. मेळाव्यासाठी ठेवलेला पांढरा शर्ट होता. असू दे. पहिली व्हिजिट विक्रीसाठी नसते, गिऱ्हाईक समजून घेण्यासाठी असते.

संध्याकाळचा डोस: चमचा दिसताच अर्पूने दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि माझ्याकडे बघून जोरात 'थू' केलं. मी समजावून सांगितलं की कानात जंतू असतात, औषध त्यांना मारतं. तिने ऐकून घेतलं. चमच्याला फटका मारला.

दैवशालाला मेसेज केला: सुरुवात चांगली आहे. तिने विचारलं, पोटात किती गेलं? नेटवर्क नव्हतं असं उद्या सांगू.

मंगळवार, ३ जून.

सकाळी घाई होती. डोस थोडा राहिला. (सगळा.)

राजूरला शेतकरी मेळावा. मी बोललो की लोक उठत नाहीत, हे आमचे साहेबसुद्धा मान्य करतात. विषय: बीजप्रक्रिया केलेलं बियाणं. त्याला औषध लावलेलं असतं, ते विषारी असतं, म्हणून कंपनी त्याला रंग देते, म्हणून पोराबाळांना हात लावू देऊ नका. मग मोबाईलवर अर्पूचा व्हिडिओ दाखवला. त्यात मी विचारतो, गुलाबी दिसलं तर काय करायचं? अर्पू म्हणते, थू! मी विचारतो, खायचं का? ती म्हणते, बाबा न्हाई! टाळ्या पडल्या. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, लेकरू लई हुशार हाय, कुणी शिकवलं? मी नम्रपणे खाली बघितलं.

घरी पलंगाखाली बियाण्याच्या सॅम्पलची पेटी असते, म्हणून दोन महिने रोज शिकवलंय तिला. सातत्य पाहिजे. दैवशालाला हे पटत नाही.

संध्याकाळचा डोस: नाही. चव हेच कारण. चाखून बघितलं, स्ट्रॉबेरी. आता जालन्याच्या लेकराला स्ट्रॉबेरी कशी चालेल? मोसंबी चालली असती. औषध कंपन्यांना मार्केटची माहितीच नसते.

बुधवार, ४ जून.

कालच्या विचारातून आयडिया: मोसंबीचा रस. गिऱ्हाईकाला आवडतं त्यात आपला माल घालायचा. सकाळी सहाला उठून रस काढला, औषध मिसळलं, तिच्या लाडक्या पेल्यात दिलं. तिने पेल्यात वाकून बघितलं. रस गुलाबी झाला होता. पेला उचलून बाहेर गेली, आणि एरवी नको ते सरदारबींच्या बकरीपुढे ठेवते, तसं न करता बाहेरच्या मोरीत ओतला. बकरीला बाजूला ढकलून ओतला. एवढी ताकद या वयात कुठून येते?

सरदारबी दारात होत्या. म्हणाल्या, बेटा, मेरेकू दे, मैं पिलाती. मी म्हणालो, थोडं थांबा, होतच आलंय.

संध्याकाळी श्रीखंड. औषध मधोमध दडवलं. तिने कडेकडेने खाल्लं. मधला भाग उघडा पडला तसा वाटीवर रुमाल टाकला आणि 'थू' म्हणून पळाली.

आता एक नवीनच सुरू झालंय. मी साधं पाणी दिलं तरी पेल्यात बघते. बिस्किट दिलं तर उलटसुलट करून बघते. दूध तर घेतच नाही माझ्या हातचं. सरदारबींनी दिलं की गटागट पिते. याचं मला थोडं वाईट वाटलं. थोडं नाही, बरंच वाटलं.

दैवशालाला: प्रगती आहे. तिने लिहिलं: म्हंजे?

गुरुवार, ५ जून.

लाईव्ह डेमो. शेतकरी दुसऱ्याच्या शेतात पीक उभं बघतो तेव्हाच विश्वास ठेवतो. त्यामुळे आज तिच्यासमोर बसलो आणि चमचाभर औषध स्वतः प्यायलो. 'बघ, बाबा प्याला, काय झालं बाबाला?'

अर्पूने जी किंकाळी फोडली ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली असेल. माझ्या अंगावर चढली, माझ्या तोंडात बोटं घालायला लागली, थू थू म्हणत मला हाताला धरून बेसिनकडे ओढायला लागली. रडून रडून लाल. मी हसत होतो, तर माझ्या गालावर मारलं. ओव्हरॲक्टिंग आईकडून आलंय.

मात्र डेमोचा परिणाम झाला, हे नक्की. त्यानंतर दिवसभर माझ्यामागे. मी ऑफिसला निघालो तर शर्ट सोडेना. सारखं विचारते, बाबा, पोट? मी सांगतो, पोट छान. ती पोटाला हात लावून बघते. एवढं प्रेम तिने कधी केलं नव्हतं. पद्धत बरोबर आहे, फक्त वेळ लागणार.

संध्याकाळी.

ताप आला. कान धरून रडतेय. कडेवर घेतलं की डोकं खांद्यावर ठेवते आणि तोच कान आत दाबते. रामप्रसादचा, माझ्या ऑफिसातल्या जोडीदाराचा, फोन आला, उद्या घनसावंगीला डीलर मीटिंग, तुझं भाषण आहे. मी म्हणालो, येत नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणालो.

तापाचं औषध द्यायला गेलो. ते पिवळं होतं, ते तिने दोन घोटात घेतलं. म्हणजे कन्व्हिन्सिंग जमतंय. मग अँटिबायोटिक काढलं. थू.

भीती वाटतेय. इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

दैवशालाला मेसेज: थोडी कणकण आहे. अर्ध्या मिनिटात तिचा फोन.

शुक्रवार, ६ जून. सकाळी.

कालच्या फोनबद्दल लिहायचं नव्हतं. लिहितो.

तिने सगळं विचारलं, मी सगळं सांगितलं. मोसंबी, श्रीखंड, बेसिन. मग म्हणाली, औषधाचा रंग कोणता हाय? मी म्हणालो, गुलाबी. ती म्हणाली, पुन्यांदा सांगा. मी म्हणालो, गुला... आणि पलंगाखालच्या पेटीकडे बघितलं.

ती म्हणाली, शनिवारी सकाळी मी थेट दवाखान्यात येते, तुम्ही तिला घेऊन या. तोवर काही शानपणा करू नका.

बेसिनकडे मला का ओढत होती, ते कळलं. बकरीला का ढकललं, तेही कळलं. मी रात्रभर अर्पूकडे बघत बसलो. लेकरू माझा जीव वाचवत होतं आणि मी हसत होतो.

दुपारी.

शहाणपणा केला.

पण विचार करून केला. आधी मेडिकलवर गेलो, दुसऱ्या रंगाचं द्या म्हणालो. त्याच्याकडे केशरी होतं. केशरी रंगाची आमची बाजरी येते. तीही शिकवून झालीय. शिवाय डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय बदलून देत न्हाई, म्हणाला. बरोबर आहे त्याचं.

मग एकच मार्ग उरला, जे शिकवलं ते मागे घ्यायचं. अर्पूला मांडीवर घेतलं. तिला सांगितलं, अर्पू, गुलाबी चांगलं असतं. बाबा चुकला. गुलाबी खायचं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. म्हणाली, खायचं? मी म्हणालो, हो, खायचं. मला वाटलं, झालं! मी चमचा आणायला फ्रीजकडे वळलो.

वळून बघतो तर अर्पू पलंगाखालून बाहेर येत होती. मुठीत गुलाबी मका. मूठ माझ्यापुढे धरून म्हणाली, हे?

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मूठ उघडली, दाणे उडाले, तिला उचलून बेसिनवर नेलं. साबण लावून हात धुतले, परत धुतले, तोंड उघडून बघितलं, दातांत बघितलं. तोंडात काही गेलं नव्हतं. ती विचारायला आली होती. खायच्या आधी बाबाला विचारायचं, हेही मीच शिकवलंय. नळ तसाच वाहत होता. आणि मी ओरडत होतो, थू, थू, गुलाबी थू! सोमवारचा संकल्प तिथेच संपला.

पेटी त्याच मिनिटाला मोटारसायकलला बांधली, अर्पूला सरदारबींकडे दिलं, एमआयडीसीत कंपनीच्या गोडाऊनला टाकून आलो. रामप्रसाद म्हणाला, सॅम्पल घरीच असू दे की, सीझन हाय. मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता गुलाबी परत थू झालं. पहिल्यापेक्षा पक्कं. संध्याकाळी चमचा काढणारच नाही.

शनिवार, ७ जून. दुपारी.

दैवशाला बॅगसकट दवाखान्यात आली. माझ्याकडे बघितलंच नाही, अर्पूला घेतलं.

डॉक्टरांनी कान बघितला. पडदा शाबूत आहे. पण इन्फेक्शन जागच्या जागी. म्हणाले, आता इथे माझ्यासमोर एक डोस द्या. गेला तर घरी जा, कोर्स पहिल्यापासून. नाही गेला तर आजच ॲडमिट. नंदाबाई सिस्टरनी चमचा भरला. तेच गुलाबी.

अर्पूने चमच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी हसून मान हलवली. डोळ्यांनी हो म्हणालो. मनातल्या मनात गणपतीलाही म्हणालो. अर्पू म्हणाली, थू. बाजूच्या टेबलावर सलाईनची पिशवी होती. माझी नजर तिथून हलेना.

सिस्टर म्हणाल्या, अहो बाबा, तुम्ही जरा भाईर थांबा. मी म्हणालो, मी या क्षेत्रात आठ वर्षं आहे, मी असलो तर मदतच होईल. दैवशाला म्हणाली, जा.

बाहेरच्या बाकड्यावर बसलो. रडण्याचा आवाज येईल म्हणून कान दाराला लावला. काहीच आवाज नाही. बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, नंबर लागलाय का तुमचा? मी म्हणालो, लागून गेला.

दार उघडलं. अर्पू चालत बाहेर आली. ओठावर गुलाबी मिशी. मला बघून पटकन दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सिस्टरना विचारलं, काय केलंत तुम्ही? कोणती पद्धत? म्हणाल्या, कायच केलं न्हाई. तुम्ही गेलात आन् मंग तिनं आपलंआपण आ केलं.

रिक्षात दैवशाला पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, तुमच्यासमोर कसं घेईल ती? तुमचं ऐकते ती. मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता.

आठवडाभर मी लिहीत होतो की लेकरू ऐकत नाही. मी बोलतो ते ऐकून डीलर उधारी वाढवतात, साहेब मोबाईल बघतात, शेतकरी शेवटी दुसऱ्या कंपनीचं घेऊन जातात. जालना जिल्ह्यात माझा शब्द न् शब्द पाळणारं एकच माणूस निघालं, आणि ते कडेवर झोपलं होतं. मला रडू आलं. रिक्षावाल्याला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

रविवार, ८ जून. सकाळी आठ.

कोर्स पुन्हा पहिल्यापासून. काल रात्रीचा डोस पूर्ण गेला. ताप उतरला. औषधाची जबाबदारी अर्थातच माझ्याकडेच आहे, फक्त वेळ झाली की मी गेटबाहेर जाऊन उभा राहतो. यात वेळेचं भान लागतं. लवकर आत आलं तर सगळं बिघडतं.

आत्ता बाहेरच उभा राहून लिहितोय. सरदारबी बकरीला पाला टाकत होत्या. म्हणाल्या, भागवत बेटा, सुबू सुबू भाईर कायकू खडा?

मी म्हणालो, औषध देऊन राह्यलो.