कापसाच्या खोलीतली जोडी

९ नोव्हेंबर २००३, सेनगाव

जीप आली एकदाची! स्पीकरच्या दोन जोड्या. औरंगाबादचा दुकानदार म्हणाला, दोन्ही घरी लावून ऐका, आवडेल ती ठेवा, दुसरी परत पाठवा. जीपवाल्याने कूलर समजून खोकी अंगणात आदळली. माझा जीव टांगणीला. एक जोडी उभी, छातीपर्यंत येणारी. दुसरी छोटी, टेबलावर मावणारी. प्रमिला दारातून बघत होती. "माझी रुखवताची भांडी उतरवताना येवढी काळजी न्हाई केली तुमी."

कॉलेजात होतो तेव्हापासूनची हौस.

माझे वडील, दादा, बाजेवरून उठले नाहीत. "काहून आणलं? मला काय ऐकू येऊन राहिलंय आता."

११ नोव्हें.

गाणं ऐकायला म्हणून मागे नवी खोली बांधली, तर धाकट्या भावाने, सुभाषने, शेतातला कापूस तिच्यातच ओतला. मला न विचारता. "भाव येऊ दे, मग विकू." दरवर्षीचंच. आमच्याकडे मोकळी खोली म्हणजे कापसाची खोली. ढीग छताला टेकलाय. भांडलो. तो हसत निघून गेला. शेवटी एका भिंतीशी बसण्यापुरती जागा केली, स्पीकर तिथेच.

१४ नोव्हें.

सतारीची कॅसेट लावली. उभी जोडी: क्या बात है. छोटी: स्वच्छ, पण किरकोळ वाटते. प्र. म्हणते दोन्ही सारख्याच.

खरं कारण इथे लिहितो. दादांची गायन पार्टी होती, अख्ख्या तालुक्यात नाव. कान गेले तसं बुद्धविहारात बसणं सोडलं, पेटीवर चादर टाकली. कानाचं यंत्र आणून दिलं, ते कपाटात. "नुसता कालवा होतो त्यात." चारचौघांत बसत नाहीत, जेवायलासुद्धा मागाहून बसतात. त्यांना पुन्हा गाणं ऐकू यावं, एवढंच पाहिजे मला. प्र.ला सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे.

१६ नोव्हें.

आज!

कापसाला ओल लागली का बघायला दादा खोलीत आले आणि ढिगावर टेकले. मी गुपचूप त्यांच्याच पार्टीची जुनी कॅसेट लावली, उभ्या जोडीवर. दादा म्हणाले,

"ढोलकी उतरलेली हाय."

उतरलेलीच होती! नंतर हळूच, "शब्द कळून राहिले रे."

बाहेर येऊन तोंड धुतलं. प्र.ने टॉवेल दिला.

ठरलं. उभी जोडी. छोटी उद्याच्या जीपने परत.

२१ जाने. २००४

दादा रोज येऊन बसत होते. पार्टीतल्या कोणाचा सूर कुठे घसरला, सगळं काढायचे. परवा कापूस विकला. खोली झाडली, गालिचा टाकला, म्हटलं आता खरी मजा. लावलं तर आवाज भिंतीभिंतीवर आपटून नुसता घुमतोय. ढोलकी म्हणजे कुणीतरी टिपाड बडवतंय.

दादा म्हणाले, "हिरीत बोलल्यावानी येऊन राहिलं." उठून गेले. संध्याकाळी पुन्हा मागाहून जेवले.

गाय घेताना घरी नेऊन दूध काढून बघा, बाजारात फुगवलेली कास बघू नका, हे गावाला सांगणारा जनावरांचा डॉक्टर मी. आणि स्पीकर निवडले घुमारा पिऊन टाकणाऱ्या कापसाच्या ढिगात बसून! म्हणजे छोटी जोडी कशी होती तेही मला माहीत नाही. स्वतःचा इतका राग फार दिवसांत आला नव्हता.

२५ जाने.

दुकानदाराला फोन. आधी कळेचना त्याला. "कापूस? म्हणजे रुई? खोलीत?" मग पोट धरून हसला. पण माणूस भला. छोटी जोडी अजून दुकानातच आहे, हवी तर पुन्हा पाठवतो म्हणाला.

प्र.ने घरातल्या सगळ्या गोधड्या भिंतींवर टांगल्या, गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. "तुमची बाळंतिणीची खोली तयार झाली." घुमणं खरंच कमी झालं. कापसाइतकं नाही. दादांना बोलावलं. "बघू," म्हणाले, आले नाहीत.

१ फेब्रु.

दिवसभर लाइट नाही. सुभाष आला. रुसवा विसरून त्याला म्हटलं, पुढच्या वर्षी खोलीत थोडा कापूस राहू दे. तो म्हणे, "आता कसं!"

३ फेब्रु.

सकाळी दवाखान्यात निघालो तर दादा त्या खोलीत. एकटेच. पार्टीची कॅसेट हातात.

"लाव."

लावली. डोळे मिटून ऐकलं. गोधड्यांकडे बघितलं, भिंतीवर हात फिरवला.

"थोडं कळतंय. कापसात याच्याहून बेस होतं." मग, "ती ल्हानी जोडी वापस बोलव. आता जशी खोली हाय बराबर तशीच राहू दे. दोन्ही मी ऐकतो. मला इचारल्याबिगर ठरवू नको."

मी हो म्हटलं.

फटफटीला किक मारली तर दारातून हाक. "आन् त्या कानाच्या यंत्राचा सेल गेला असंल. घिऊन ये."

सेल सेनगावात मिळाले नाहीत. दवाखाना आटोपून हिंगोलीला गेलो, घेऊन आलो. त्यांनी उशाशी ठेवलेत. छोटी जोडी घेऊन जीप परवा येईल.

पेटीवरची चादर अजून तशीच आहे. मी हात लावणार नाही.