माय, घोडी आणि पळीचा दांडा

माय,

आज सकाळी नायगावकडचा एक मालक टेम्पोतून तरणा घोडा घेऊन आला. तू गेल्यावर मुरुडच्या अलीकडं मी तबेला टाकलाय, हे तुला कुठं ठाऊक असणार! लोक घोडे शिकवायला आणतात आणि मी आधी मालकांनाच शिकवते. हा म्हणाला, "मॅडम, लई मस्तीखोर हाय. लगाम बघितला की मागच्या पायांवर उभा राहतो." मी घोड्याचं तोंड पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यांत जखमा, जिभेवर वण. आणि आपलं मुदखेडकडचं घर, चुलीचा धूर, तू, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

बाबांनी पांढरी घोडी माळेगावच्या जत्रेतून आणली होती. लग्नसराईत वरातींना भाड्यानं द्यायची, असा त्यांचा बेत. पण तिला नाचायला कुणीतरी मारून मारून शिकवलेलं. माणूस जवळ गेला की कान मागं पाडून ती चावायला धावायची. बाबांच्या दंडाचा तिनं असा चावा घेतला की बांधलेल्या रुमालातून रक्त ठिबकत होतं. ते तिला विकायलाच निघाले. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तिच्या लगामाला काटे हायत. तुमच्या तोंडात घातला तर तुम्ही काय आरती म्हणाल?" बाबा हसले नाहीत, पण त्यांनी घोडीही विकली नाही.

तो काटेरी लगाम तू विहिरीत टाकून दिलास. मग रोज दुपारी घोडीच्या खुंट्यापासून जरा लांब, तिच्याकडं पाठ करून अंबाडी निवडत बसायचीस. तिच्याशी बोलायची नाहीस, वळून बघायचीही नाहीस. मी विचारलं, "माय, काय करून राहिली?" तर म्हणालीस, "काही न्हाई. तिला बघू दे मला." कितीतरी दुपारी अशा गेल्या. मग एकदा तिनं मान लांब करून तुझ्या पदराचा वास घेतला. तू हललीसुद्धा नाहीस. तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी समोर होते, म्हणून मला ते दिसलं.

पुढं तू तिला खरारा करू लागलीस, खुरांतले खडे काढू लागलीस. तोंडात काही न घालता नुसती सुती दोरीची म्होरकी बांधून तिच्या पाठीवर मला बसवलंस. मग साधा, गुळगुळीत लगाम आला, आणि मी तो हिसकायला लागले. त्या दिवशीचा तुझा आवाज अजून कानात आहे. "उतर खाली!" तू मला स्वयंपाकघरात नेतेस, पळीचा दांडा माझ्या दातांत आडवा धरायला लावतेस, दोन्ही टोकांना सुतळी बांधतेस आणि मला अंगणात पुढं घालून मागून ओढतेस. डावीकडं. उजवीकडं. मग एक हिसका. माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

"दुखलं?"

"हाव."

"मग तिला न्हाई दुखत?"

एवढंच. नंतर ताटात भाकरीवर तुपाची धार जरा जास्तच पडली होती. आज त्या मालकालाही मी पळीचा दांडा दातांत धरायला लावला. आधी तो हसला. एक हलकासा हिसका बसला, तसा जबडा चोळू लागला. घोड्याचा काटेरी लगाम त्यानं स्वतःच्या हातानं काढून ठेवला.

पण माय, मला सांगायचं होतं ते दुसरंच. गावात सातवीपर्यंतच शाळा. पुढची शाळा मुदखेडला, आणि एस.टी. आपल्या गावात येत नव्हती. बाबा म्हणाले, बस झालं शिक्षण. तू म्हणालीस, "घोडीवर जाईल." काका उसळले, "पोरगी घोडीवर? लोक काय म्हणतील?" तू चुलीत लाकूड सारलंस. "लोकायच्या पोरी लोक बघतील. माझी घोडीवर जाईल." पहिल्या दिवशी बाबा वेशीपर्यंत सोबत आले, आणि वेशीत कुणी हसलं तेव्हा त्यांनीच लगाम माझ्या हातात दिला. म्हणाले, "जा. मागं बघू नको." मुदखेडात आत्याच्या अंगणात घोडी बांधून मी शाळेत जायची. मी दहावी झाले, पुढंही शिकले. घरात जे कुणाला जमलं नव्हतं ते झालं, आणि ते तू केलंस. तू स्वतः कधी घोडीवर बसली नाहीस. "मला खालूनच बरी दिसती ती," म्हणायचीस.

हे पत्र कुठं टाकणार? इथंच राहील. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. माझ्या शिक्षणासाठी तू सगळ्यांशी भांडलीस, आणि सगळ्यांना सांगायचीस, पोरीला अभ्यासाची लई गोडी. माय, अभ्यासाची गोडी कसली! सकाळ-संध्याकाळ घोडीवर बसायला मिळायचं, म्हणून मी शाळेत जायची.