तांबडीचे कान

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

मी, कोंडीबा बिरा सरगर, वय अठ्ठावन्न, धंदा गलाईचा म्हणजे सोने-चांदी आटवून शुद्ध करण्याचा, जन्म आटपाडीकडच्या माळावर मेंढरांच्या तळावर, हल्ली राहणार कडेगाव, जिल्हा सांगली, आज हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि अतिशय खुशीत लिहून ठेवीत आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. मला मरायचे नाही, मला गाडी चालवायची आहे. परंतु माझी पत्नी सौ. हरणाबाई हिने गाडीची किल्ली कनवटीला लावली असून, "आदी कागुद करा, मग किल्ली मागा," असे बजावले आहे. कागद झाला की किल्ली आणि किल्ली मिळाली की आजच उंब्रजपर्यंत फेरी, असे ठरले आहे. म्हणून घाई आहे.

सदर लेख मी कोणाच्याही दडपणाखाली करीत नाही. दडपण फक्त हरणाबाईचे आहे आणि ते लग्नापासूनचे आहे. हे वाक्य काढा म्हणून आमचे वकील भाऊसो यांनी दोनदा सांगितले. राहू दे, खरे आहे.

कलम १. कोइमतूर येथील गलाईचे दुकान, भट्टी, काटे व गिऱ्हाईक माझा मुलगा चि. सूरज यास मिळावे. तो आजही तेच सांभाळतो आणि चांगले सांभाळतो. त्याचे माझे भांडण धंद्यावरून नाही. ते कशावरून आहे ते पुढे येईलच.

कलम २. आटपाडीकडचा माळ दोन्ही मुलांनी मिळून ठेवावा, विकू नये, आणि त्याला कुंपण घालू नये. मेंढरे घेऊन जाणाऱ्या कोणासही तिथे उतरण्यास मज्जाव करू नये. आम्ही लहानपणी फार ठिकाणांहून हुसकले गेलो आहोत.

कलम ३. कडेगावचे राहते घर माझ्या पश्चात पत्नी हरणाबाई हिने हयातभर वापरावे, तिच्यानंतर सूरज व अपेक्षा यांनी निम्मे-निम्मे घ्यावे.

कलम ४. आता गाडी. जर्मन बनावटीची, दोन दारांची, तांबड्या रंगाची, जमिनीला पोट लावून बसलेली. घरात तिला तांबडीच म्हणतात. कोइमतूरच्या एका गिरणीवाल्याने हौस फिटल्यावर ती विकायला काढली आणि मी घेतली. मेंढक्याच्या पोराने तसली गाडी कशाला घ्यावी, असे पुष्कळांनी विचारले. कशाला म्हणजे काय? आवडली म्हणून घेतली!

तिला क्लच नाही. गिअरला स्टिअरिंगवर अंगठ्याखाली बारकी बटणे होती. वरचे दाबले की गिअर चढायचा, खालचे दाबले की उतरायचा. इथेच माझे नशीब आडवे आले. उभे आयुष्य भट्टी आणि ॲसिडात गेल्याने माझ्या दोन्ही अंगठ्यांत जीव उरलेला नाही. कातडी इतकी गुळगुळीत झाली आहे की सरकारी कागदावर अंगठा उठत नाही, म्हणून खाली सही करणार आहे. बटण दाबले गेले की नाही हे मला डोळ्यांनी बघावे लागे, आणि बटणाकडे बघावे तर रस्त्याकडे कोण बघणार?

मागच्या वर्षी सुर्लीचा घाट उतरताना मी गिअर उतरवला असे मला वाटले. तो उतरलाच नव्हता, अंगठा बटणाच्या शेजारी दाबला जात होता. पुढे उसाची बैलगाडी. ब्रेक दाबून गाडी खडीच्या ढिगात घातली म्हणून सगळे वाचले. हरणाबाई शेजारी होती. खाली उतरून ती बैलांच्या पाया पडली आणि पुन्हा या गाडीत पाय ठेवणार नाही अशी बिरोबाची आण घेतली. किल्ली त्याच दिवशी कनवटीला गेली. त्यानंतर मी स्वतःच्या गाडीच्या काचा पुसत बसलो. बिनकामाचा बैल जसा गोठ्यात ठेवतात तसे मला झाले होते, हे मी इथे उघड लिहितो.

माझी मुलगी अपेक्षा हिला ते बघवले नाही. तिने कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतला मिस्त्री नागसेन धोंडिराम होवाळ शोधून काढला. नागसेनचे वडील मिलिटरीत गाड्या दुरुस्त करायचे, आणि याचे स्वतःबद्दलचे मत जनरलसाहेबासारखे आहे. तो आला, जय भीम घातला, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि म्हणाला, "शेठ, अंगठ्याचं काम अंगठ्यानंच करायचं आसं कुटं लिवलंय? मागनं पट्ट्या बसवू, बोटानं वडायच्या. रेसच्या गाड्यांना हल्ली पॅडल असत्यात."

हरणाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "पायडल पायात असतंय की वं. हातात कशाला?"

"वैनी, ते पायडल येगळं, ह्ये पॅडल येगळं."

"मग नाव तरी येगळं ठेवा. कानावानी दिसत्यात."

तेव्हापासून त्यांना कान म्हणतात. नागसेनने ॲल्युमिनियमचे दोन कान कापले, घासून चांदीसारखे केले, स्टिअरिंगच्या मागे बिजागरीवर बसवले आणि बटणांच्या तारा काढून कानांना जोडल्या. आत अशी स्प्रिंग घातली की कान हलला की मनगटापर्यंत टक्क असे लागते. मी पहिल्यांदा ते टक्क अनुभवले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. नागसेनला वाटले, बोट चेमटले.

सुट्टीच्या दिवशी कुपवाडच्या मोकळ्या रस्त्यावर चाचणी ठरली. हरणाबाईने किल्ली अपेक्षाच्या हातात दिली, पण स्वतः लांबच राहिली. उजवा कान ओढला की गिअर चढणार, डावा ओढला की उतरणार, असे नागसेनने पढवले. गाडी निघाली. काय पळते! तेवढ्यात एक कुत्रे आडवे आले आणि मी काय केले असेल? तोंडाने "हो, हो" म्हणालो आणि दोन्ही कान एकदम छातीकडे ओढले! आमचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू मी लहानपणी असेच थांबवायचो. तट्टू थांबायचे. तांबडीला मात्र एकाच वेळी चढ आणि उतर असे दोन हुकूम गेले आणि ती गोंधळून कुंथत राहिली. अपेक्षा ओरडली, "आप्पा, लगाम न्हाई त्यो! ब्रेक!" कुत्रे वाचले.

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. नागसेन धावत आला. मला वाटले आता हा हात जोडणार. तर तो विचारतो, "शेठ, तट्टू पळवायला काय करत हुता?"

"ढील द्यायचो. हात फुडं सोडायचो."

"मग तसंच करू की! तुमचं हात बदलायचं न्हाईत, कान बदलू."

आणि त्याने कान बदलले. आता त्यांना आतून कडी आहे, बोटे कडीत राहतात. कोणताही कान ओढला की गिअर उतरतो, बोटांच्या पाठीने पुढे लोटला की चढतो. घाबरून दोन्ही ओढले तरी गाडी एक गिअर उतरते, दुसरे काही करीत नाही. त्या संध्याकाळी मी वसाहतीला एवढ्या फेऱ्या मारल्या की वॉचमन मोजायचे सोडून टाळ्या वाजवू लागला. काय सांगू, अठ्ठावन्नाव्या वर्षी मला बोटे फुटली!

सबब, सदर गाडी माझ्या पश्चात कन्या अपेक्षा हिला मिळावी. अट एकच: कान काढू नयेत. चि. सूरजचे म्हणणे असे की असली रीत जगात कुठल्या गाडीला नाही, मूळ बटणे परत बसवा, नाहीतर गाडी कवडीमोल होईल. आमचे भांडण ते हेच. बाळा, ती विकायची नाहीच, मग मोल कशाला काढतोस?

कलम ५. तरीही सूरजला मोह होऊ नये म्हणून ती जुनी बटणे डबीत घालून उंब्रजचे हॉटेलवाले नानासो यांस मी देऊन टाकत आहे. खडीच्या ढिगाची गोष्ट कळल्यावर हे गृहस्थ भरल्या लग्नात म्हणाले होते, "कोंडीबा, बोटात जीव न्हाई तर मेंढरंच राखायची रं गड्या." नानासोंनी ती बटणे सदऱ्याला लावावीत. मरेपर्यंत थांबायचा धीर नसल्याने डबी आजच त्यांच्या गल्ल्यावर ठेवून येणार आहे. चहा पिऊ, पैसे देऊ, आणि त्यांच्यासमोर गाडी हायवेला घालू.

कलम ६. नागसेन होवाळ यास माझे भट्टीचे चिमटे व पकडी द्याव्यात असे मी योजले होते. पण ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे भाऊसो म्हणाले. त्यावर नागसेन उसळला, "मग मला काय बी नगं. कान मी केल्यात, सही मीच करनार." त्याच्या इच्छेप्रमाणे हे कलम रिकामे ठेवले आहे.

येथे लेख संपत होता. भाऊसोंनी तो सर्वांना वाचून दाखवला आणि कलम तीनला हरणाबाईने त्यांना थांबवले.

"पश्चात म्हंजी मागनं ना? मागं कोन ऱ्हानार हाय?"

भाऊसो म्हणाले, "तुम्ही, वहिनी."

"मी कशाला? मी गाडीत बसनार हाय."

मी म्हणालो, "आगं, तू तर आन घेतलीयास!"

"घेतली हुती. तवा बटनं हुती. कुपवाडला मी भिताडाआडनं सगळं बगिटलंय. तुमी हसत हुतासा. लगीन झाल्यापास्नं तसं हसल्यालं मी बगिटलं न्हवतं."

भाऊसोंनी टोपण काढलेले पेन तसेच धरून विचारले, की दोघांचे एकदम काही बरेवाईट झाले तर घराचे काय लिहायचे. ती म्हणाली, "ते तुमी बगा. कागुद तुमचा हाय."

कलम ७. सबब कलम तीन रद्द समजावे. घर आम्हा दोघांच्या नंतर मुलांनी निम्मे-निम्मे घ्यावे. एकटी उरल्यास तिने राहावे, असे लिहा म्हणून भाऊसोंचा आग्रह आहे, म्हणून तेही लिहिले. परंतु सौ. हरणाबाई माझ्या मागे राहण्यास तयार नाही. मी तिला समजावून सांगितले, ती ऐकत नाही. मी हे लिहीपर्यंत ती अंगणात गाडीच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली असून हॉर्न वाजवीत आहे.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, समजले व कबूल आहे. पुढचे आल्यावर.

ठिकाण: कडेगाव, जि. सांगली
दिनांक: १७ जानेवारी १९९९

सही: कोंडीबा बिरा सरगर

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१. नागसेन धोंडिराम होवाळ, कुपवाड (कान यांनीच केले)
२. मानसिंग रामू बंडगर, शेजारी, कडेगाव