छावणी उठायच्या आत

४ मे, शनिवार
चारा छावणीत येऊन दीड महिना झाला. आई आमच्या दोन गायींजवळ झोपते, मी दूध संस्थेच्या पत्र्याखाली. आण्णा गावी घर-शेत सांभाळून. सकाळ-संध्याकाळ मशीनवर दुधाचं फॅट मोजायचं, पावत्या फाडायच्या. संस्थेचे सचिव बापू दर दहा दिवसांनी पगार देतात. टँकरचं पाणी प्यायला पुरत नाही, पण दुधात घालायला लोकांना कुठून मिळतं देव जाणे.
आज आष्टीला जाऊन बायोच्या क्लासचा पहिला हप्ता भरला. दुसरा २५ जूनच्या आत. पावती वहीत चिकटवली. दोनदा काढून पाहिली, आता नीट चिकटत नाही.

७ मे
परत तेच आठवून डोकं फिरलं. अकरावीच्या फॉर्मवर आण्णांनी बायोलॉजीऐवजी डेअरी विषय लिहिला. दूध संघात पोरीला हमखास नोकरी, असं बापूंनी सांगितलेलं. आण्णा इतके खूश, की कॉलेजच्या दारातच पेढे वाटले. सही मीही केली होती, एकट्या त्यांना काय बोलणार.
बारावीला मार्क चांगले पडले, पण बायो नाही म्हणून डॉक्टरकीच्या परीक्षेलाच बसता येत नाही. आणि दुष्काळात संघाचं आमच्याकडचं केंद्र बंद पडलं. आता तो एकच विषय वेगळा शिकायचा, प्रॅक्टिकलसकट. फी माझी मी भरणार, असं आण्णांना ठणकावून सांगितलंय. ते नुसते मान हलवतात. पेढ्यांचा विषय घरात कुणी काढत नाही.

९ मे, गुरु.
सरकारी दवाखान्याच्या मॅडम आल्या होत्या. रांग लावायला मी. शेवटी त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि रखमामावशींच्या छातीला लावला. मॅडमना त्यात काय काय कळलं, मला नुसती धडधड. हेवा वाटला. मला टेबलाच्या त्या बाजूला बसायचंय. फार बसायचंय.

२ जून, रवि.
क्लास. हृदयाचे चार कप्पे. येताना एसटीत आकृती गिरवत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, वांगं चांगलं काढलंस.

११ जून
बापू म्हणाले, पाऊस झाला की छावणी उठणार. गायी आपापल्या गावी, फॅटचं मशीन परत संस्थेच्या कड्याच्या ऑफिसात, माझं काम बंद. हप्त्याला अजून एक पगार कमी पडतोय, तो २० तारखेला, दहा दिवस पुरे भरले तरच. आण्णांकडे असतील-नसतील ते बियाण्याचे, ते मागणार नाही.
नऊ दिवस. फक्त नऊ दिवस पाऊस नको.
लिहिलं आणि लाज वाटली. अख्खी छावणी आभाळाकडे बघत बसलीय आणि मी हे मागते.

१४ जून, शुक्र.
धोंडी काढली. पोरं सगळी गावाकडे, म्हणून जालिंदरतात्यांनाच अंगभर लिंबाचा पाला बांधला. पन्नाशीचा माणूस, खाजवत खाजवत दावणीदावणीने फिरला. पाऊस यावा म्हणून प्रत्येकाने त्यांच्या अंगावर भरला तांब्या ओतायचा. माझ्या टेबलापाशी आले. मी अर्धाच ओतला. पाणी कमी हाय का पोरी, असं तात्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. मागे बादली भरलेली होती.

१५ जून
आईने पाहिलं होतं. धार काढता काढता, वर न बघताच म्हणाली, "अर्धाच तांब्या वतलास तू."
रडूच आलं. म्हटलं, मला वीस तारीख गाठायचीय गं, दुसरं काही नको. तिने दुधाची बादली बाजूला सरकवली. मग म्हणाली, "म्या तर तेवढंबी न्हाई केलं. तांब्यात बोटं बुडवली अन् झटकली."
दोघी हसलो. गाय लाथ मारायच्या बेतात होती.
पण आईला घरी जायचंय. रोज म्हणते, एकदा आपल्या चुलीपाशी बसायला मिळू दे. आणि तिने बोटं झटकली. झोपताना तेच डोक्यात. हिचं ऋण मी कधी...

१८ जून
टँकरवाला सांगत आला, काल नगरला पाऊस झाला. छावणीत गूळ वाटला. मीही खाल्ला. बापू मशीनचं खोकं शोधतायत. आष्टीच्या अंगाला आभाळ काळं आहे.
संध्याकाळी आईने गायींचे कासरे काढून ठेवले, घरी न्यायचे म्हणून. मग माझी पुस्तकं प्लास्टिकच्या कागदात बांधली, वरून सुतळी आवळली. मी विचारलं, आत्ताच का? म्हणाली, "भिजाया नकोत."
वीस तारखेच्या मध्ये अजून एक दिवस आहे.